रेडिओ ‘लावणं’ म्हणजे काय होतं: १९२७ नंतरच्या मुंबईतली ऐकण्याची संध्याकाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेतलं प्रदर्शन, नाटकाचं नेपथ्य, गणपतीतला देखावा, किंवा नुसती घरातली हौस म्हणून पहिल्या काळातला रेडिओ उभा करू पाहणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मराठीत आपण दिवा लावतो, तंबोरा लावतो, आणि रेडिओही लावतो. त्या काळात हे तंबोऱ्याच्या अर्थानेच खरं होतं. खुंट्या पिळायच्या, कान द्यायचा, जरा उतरलं की पुन्हा जुळवायचं.

नेमका कोणता काळ धरायचा? सुरुवात कधीची मानायची?

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी, शनिवारी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झालं. रोजचं, नेमाचं, परवाना काढून ऐकायचं प्रसारण मुंबईत तेव्हापासूनचं.

त्याआधी काही नव्हतंच असं नाही. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीताचा खास कार्यक्रम सोडला होता आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात ऐकला. जून १९२३ पासून मुंबईच्या रेडिओ क्लबचे हौशी कार्यक्रमही होत होते. पण ‘आज रात्री काय आहे?’ असं घरात विचारता येण्याजोगी स्थिती १९२७ नंतरची.

कंपनी १ मार्च १९३० ला गुंडाळली गेली. १ एप्रिलपासून सरकारने ती ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने चालवायला घेतली. ऑल इंडिया रेडिओ हे नाव ८ जून १९३६ चं. म्हणजे १९२८ सालच्या प्रवेशात पात्र “ऑल इंडिया रेडिओ लाव” म्हणालं की चूक झाली. आकाशवाणीची ओळखीची सुरावट त्या प्रवेशात वाजवणं ही त्याहून मोठी चूक. ‘आकाशवाणी’ हे नावसुद्धा १९३५ मध्ये म्हैसूरच्या खासगी केंद्राने घेतलं, आपल्याकडे ते नंतर आलं.

मुंबई केंद्र कुठवर ऐकू यायचं?

प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, मध्यम लहरीवरचा. भरवशाची मजल सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. बॅटरीविना चालणाऱ्या क्रिस्टल सेटवर गिरगाव, परळ, दादर इथे सुखाने ऐकू यावं आणि कल्याण म्हणजे काठावरचं गाव, असा अंदाज धरा. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून जाते. कोरडी, खडकाळ जमीन तिला खाते, खारं पाणी जवळजवळ खात नाही. त्यामुळे मुंबईहून खाडी-समुद्र ओलांडून अलिबागकडे जाणारी वाट तेवढ्याच अंतराच्या डोंगरी वाटेपेक्षा चांगली. पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्री. तिथे क्रिस्टल सेटचा उपयोग नव्हता, व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणाऱ्या, बल्बसारख्या काचेच्या नळीचा) सेटच हवा. पुण्याला स्वतःचं केंद्र मिळालं ते २ ऑक्टोबर १९५३ ला, म्हणून पुण्यातल्या वाड्यात क्रिस्टल सेट दाखवण्याआधी साल तपासा.

परवाना लागायचा का?

लागायचा. वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. कंपनीचं वसूल भागभांडवल ६ लाख रुपयांचं आणि १९२७ अखेर सगळ्या देशात परवाने साडेतीन हजारांच्या आसपास. १९२९ अखेरही ते आठ हजारांच्या आतच होते. आठाने गुणून पाहा, दोन केंद्रं का परवडली नाहीत ते कळतं. परवाना न काढता ऐकणारेही पुष्कळ होते. घरावर एरियलची तार दिसत असली तरी कागद असेलच असं नाही.

क्रिस्टल सेट बॅटरीशिवाय चालतो कसा?

प्रक्षेपकाने पाठवलेल्या शक्तीतला जो कणभर भाग तुमच्या तारेत उतरतो, तेवढ्यावरच. सेट स्वतःची काहीच भर घालत नाही. गुंडाळी (कॉइल) आणि बदलता कंडेन्सर मिळून हवी ती लहर निवडतात, खडा (म्हणजेच क्रिस्टल) विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, आणि उरलेला चढउतार हेडफोनचा पत्रा हलवतो. भर घालणारं कोणी नसल्यामुळे गळती कुठेच परवडत नाही. एरियल लांब आणि उंच, अर्थ (जमिनीशी जोडणारी तार) पक्का, सांधे स्वच्छ, हेडफोन संवेदनशील. चारांपैकी एक ढिला पडला की आवाज गेला.

आज असा सेट करायचा तर माप सांगा.

७५ मिलिमीटर व्यासाची कोरडी पुठ्ठ्याची नळी घ्या. पुठ्ठ्याला आधी शेलॅक किंवा वॉर्निश देऊन दोन दिवस वाळवा, नाहीतर पावसाळ्यात तो पाणी पितो आणि सेट मंदावतो. तिच्यावर २४ गेजची इनॅमल तार ५० वेढे, वेढ्याला वेढा लावून, ताणून गुंडाळा. तार साधारण १३ मीटर लागेल. खालच्या टोकापासून दर १० वेढ्यांवर तार पिळून एक कान काढा आणि कानावरचं इनॅमल पॉलिशपेपरने खरवडा. इनॅमल नीट न खरवडणं हे नवशिक्याच्या सेटचं मरण्याचं पहिलं कारण.

गुंडाळीच्या दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर जोडा, त्याचा एकच भाग वापरा (३६५ ते ५०० पिकोफॅरड). खालचं टोक अर्थला. एरियल पहिल्या किंवा दुसऱ्या कानाला. वरच्या टोकापासून डिटेक्टर (खडा किंवा त्याच्या जागी डायोड), डिटेक्टरपासून हेडफोन, हेडफोनचं दुसरं टोक अर्थला. हेडफोनला समांतर १००० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर. झाला सेट. ही गुंडाळी ३६५ पिकोफॅरडसोबत साधारण ५५० ते १४०० किलोहर्ट्झपर्यंत फिरते. १९२७ सालची मुंबईची लहर ३५० ते ३६० मीटरांच्या दरम्यान, म्हणजे आजच्या भाषेत ८४० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि ती या पट्ट्याच्या बरोबर मधे येते.

एरियल वरच्या कानाला लावली तर आवाज वाढतो, पण दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात. खालच्या कानाला लावली तर आवाज घटतो, पण केंद्र सुटं होतं. १९२७ मध्ये मुंबईत केंद्र एकच, त्यामुळे त्या लोकांनी बिनधास्त वरचा कान वापरला तरी चालण्यासारखं होतं. तुम्हाला हवा तो धरा.

डिटेक्टर खड्याचाच हवा का? डायोड चालेल?

ऐकण्यासाठी डायोड उत्तम: ओए ७९ किंवा १एन३४ए, जर्मेनियमचाच. सिलिकॉनचा १एन४१४८ लावू नका. त्याला वाहू लागायला अर्ध्या व्होल्टहून जास्त लागतं आणि तारेत तेवढं नसतं. आधी डायोडवर सेट चालवून घ्या आणि मगच खडा लावा, म्हणजे दोष कुठे आहे यावर डोकं खपवावं लागत नाही.

खड्यावर सुई ‘धरायची’ कशी? तासभर झाला, काही सापडत नाही.

गॅलिना म्हणजे शिशाचं गंधकयुक्त खनिज, चकाकणारं, चौकोनी पैलूंचं. खडा बसवायचा तो सत्तरेक अंशाला वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूत. साध्या डाखात बसवला तर डाखाच्या उष्णतेने त्याची संवेदनशीलता जाते. मिश्रधातू मिळाला नाही तर छोट्या पितळी वाटीत तीन स्क्रूंनी आवळा किंवा शिशाच्या कागदात घट्ट बसवा. खड्याच्या वरच्या बाजूला बोट लावायचं नाही. हाताचं तेल पुरेसं असतं बिघडायला. लागलंच तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि वाळू द्या.

सुई म्हणजे ३० ते ३४ गेजची पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची तार. पेन्सिलीच्या टोकाभोवती चार-पाच वेढे देऊन स्प्रिंग करा आणि टोक तिरकं कापा. इंग्रजांनी हिला मांजराची मिशी म्हटलं. नाव लाडिक असलं तरी स्पर्शाचं माप त्यात बरोबर आलंय: मिशी टेकावी इतपतच टेकवायची. दाबली की गेली.

आता हेडफोन कानाला लावा, कंडेन्सर केंद्राच्या जागी ठेवा (डायोडवर ती जागा आधी खूण करून ठेवलेली असावी), आणि सुई खड्यावर टेकवा. काही नाही? उचला. सरकवू नका, उचला, केसभर बाजूला टेकवा. बहुतेक जागा मुक्या असतात. एखाद्या जागी बारीक खरखर येते, तिथे दाब किंचित कमी करा. खरखरीच्या मागून आवाज पुढे येतो, जणू कोणी पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. तिथेच थांबा, हात काढून घ्या, टेबलावर कोपर टेकू नका. चाळीच्या लाकडी जमिनीवर कोणी धपधप चालत गेलं, खालून ट्राम गेली, कोणी दार आपटलं, की सुई हलते आणि सगळं पहिल्यापासून. ‘गप्प बसा’ असं घरातल्या पोरांना तेव्हा का दटावलं जाई, त्याचं एक कारण हे.

केंद्र सुरू नसताना जागा शोधायची असेल तर जुनी युक्ती आहे: एका कोरड्या सेलवर चालणारा छोटा बझर सेटपासून हातभर अंतरावर लावा. त्याच्या ठिणगीतून उठणारा आवाज ज्या जागी सर्वांत मोठा, ती जागा चांगली.

सगळं जोडलं, तरी कानात शांतता. कुठून सुरू करू?

हेडफोनपासून. दीड व्होल्टच्या सेलची एक तार हेडफोनच्या एका टोकाला धरा आणि दुसरी टेकवून काढा. टेकवताना आणि काढताना ‘टक्’ स्पष्ट यायला हवं. एकाच कानात आलं तर दुसऱ्याची दोरी आतून तुटलेली असते, बहुधा वळणावर, जिथे ती वर्षानुवर्षं दुमडली. दोन्हीकडे आलं तर हेडफोन ठीक.

मग हेडफोनची जात पाहा. जुना हेडफोन प्रत्येक कानाला २००० ओहम, जोडी ४००० ची. मोबाइलचा ३२ ओहमचा हेडफोन इथे थेट लावला तर काहीही येणार नाही. तो बिघडलेला नसतो, फक्त या सेटला तो जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा आहे. स्वस्त पर्याय म्हणजे पिझो इअरपीस, पण त्यातून एकदिश वीज जात नाही, म्हणून त्याला समांतर ४७ ते १०० किलोओहमचा रेझिस्टर लावाच. तो विसरला की आवाज गुदमरल्यासारखा येतो किंवा क्षणभर येऊन जातो.

पुढे क्रम असा: अर्थ सोडून परत लावा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर अर्थ नावापुरती आहे. एरियल सोडून पाहा, तोच न्याय. मग कंडेन्सरच्या पाती एकमेकींना घासतात का ते उजेडापुढे धरून पाहा. घासत असतील तर फिरवताना करकर होते आणि त्या जागी सेट मुका होतो. शेवटी गुंडाळीच्या कानांवरचं इनॅमल. आणि हो, केंद्र त्या वेळी चालू आहे ना, हे साध्या ट्रान्झिस्टरवर आधी ऐकून घ्या. हे शेवटी सुचतं, सुचायला हवं पहिल्यांदा.

एरियल आणि अर्थ: तेव्हा कशी असे, आता फ्लॅटमध्ये कशी करायची?

तेव्हाची चांगली एरियल म्हणजे ७/२२ ची तांब्याची पिळाची तार (२२ गेजच्या सात तारा), ६० ते १०० फूट, दोन गच्च्यांच्या किंवा दोन बांबूंच्या मध्ये, दोन्ही टोकांना चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे दोन-दोन इन्सुलेटर. खाली येणारी तार भिंतीपासून किमान वीतभर लांब आणि खिडकीच्या चौकटीतून चिनी मातीच्या किंवा एबोनाइटच्या नळीतून आत. ओल्या भिंतीला टेकलेली तार अर्धं ऐकणं भिंतीला पाजते. समुद्राच्या हवेत तांबं हिरवं पडतं, म्हणून सांधे टाळून एकच अखंड तार वापरायची. सांधा लागलाच तर डाख देऊन.

अर्थ म्हणजे नळ. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला असे, तो कानशीने चकचकीत करून क्लॅम्प आवळायचा. आता इमारतींमधले पाइप प्लास्टिकचे असतात, त्यांना क्लॅम्प लावून काही होत नाही. तळमजल्यावर असाल तर तांब्याचा मुलामा दिलेली चार फुटी सळई ओल्या जागी ठोका. कुंडीजवळ, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर उत्तम. वर राहत असाल तर गच्चीवरून खाली जाणारा जुना लोखंडी पाइप शोधा, किंवा एरियलच्या खाली तेवढ्याच लांबीची दुसरी तार अर्थच्या जागी पसरा. भिंतीतल्या प्लगच्या अर्थला सेट जोडू नका. वायरिंगमध्ये चूक असली तर ती तुमच्या कानाशी येते. विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून एरियल कधीही नेऊ नका, कितीही सोयीचं असलं तरी.

सिमेंट काँक्रीटच्या घरात सळ्यांच्या जाळीमुळे आतली तार फार कमी पकडते. एरियल बाहेर असायलाच हवी. शिवाय एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा. १९२७ च्या माणसाला ही गुरगुर माहीत नव्हती.

वीज कडाडली तर?

खिडकीबाहेर किंवा खिडकीपाशी दुतर्फा सुरीचा खटका बसवायचा: मधल्या पात्याला एरियल, एका बाजूला सेट, दुसऱ्या बाजूला थेट अर्थ. ऐकणं संपलं की पातं अर्थकडे. पण ही व्यवस्था तारेवर हळूहळू साठणाऱ्या विद्युतभारासाठी आहे, थेट कोसळणाऱ्या विजेपुढे ती टिकत नाही. ढग दिसले की खटका अर्थवर टाकून हेडफोन काढा. गडगडाट सुरू झाल्यावर खटक्याला हात लावायला जाऊ नका.

हेडफोन एक, घरात माणसं सात. मग?

दोन हेडफोन एकामागोमाग एक जोडता येतात, आवाज वाटून घटतो. एकाच हेडफोनचे दोन कान सुटे करून दोघांनी घेणं तर सहज. तिसरा प्रकार: हेडफोन चिनी मातीच्या खोल वाडग्यात उपडा ठेवायचा. वाडगा आवाज गोळा करतो आणि शांत खोलीत तीन-चार जण वाकून बसले तर शब्द कळतात. पितळी पातेलं वापरून पाहू नका, ते स्वतःच वाजतं. क्रिस्टल सेटवर कर्णा लावून सगळी चाळ ऐकते आहे असं दाखवू नका. त्या शक्तीवर कर्णा बोलत नाही. कर्णा हवा तर व्हॉल्व्ह हवा.

व्हॉल्व्हच्या सेटला काय काय लागायचं?

तीन वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांचा संसार. एक, फिलामेंट (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) तापवायला २ व्होल्टचा काचेतला तेजाबी अ‍ॅक्युम्युलेटर. दोन, प्लेटसाठी (फिलामेंटमधून निघालेली वीज गोळा करणारा पत्रा) ६० ते १२० व्होल्टची सुक्या सेलांची उंच दाबाची बॅटरी (९० व्होल्ट म्हणजे दीड व्होल्टचे ६० सेल). तीन, ग्रिडसाठी (त्या दोघांमधली, वीज आवरणारी जाळी) साडेचार किंवा नऊ व्होल्टची छोटी बॅटरी, जिच्यातून वीज जवळजवळ जातच नाही. बॅटरीच्या सेटला भिंतीत प्लग नसतो, हे नेपथ्यवाल्यांनी लक्षात ठेवावं. टेबलाखाली मात्र जागा लागते.

हिशेब असा: दोन व्हॉल्व्हचा सेट, एक ०.१ आणि एक ०.२ अँपिअर घेणारा, मिळून ०.३. वीस अँपिअर-तासांचा अ‍ॅक्युम्युलेटर सुमारे ६५ तास पुरतो. रोज तीन तास ऐकलं तर तीन आठवडे. मग तो चार्ज करायला द्यायचा. तेजाबाची घनता भरलेल्या सेलात १.२५ च्या आसपास असते. ती १.१५ पर्यंत उतरली किंवा जोडलेला असताना दाब १.८ व्होल्टवर आला की थांबायचं. अजून दोन दिवस ताणला तर पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि तो सेल पुन्हा पूर्ण भरत नाही. टर्मिनलला व्हॅसलिन. धोतर-लुगड्यापासून लांब: एक थेंब पुरतो, भोक धुतल्यावर दिसतं.

उंच दाबाची बॅटरी अशी एकदम मरत नाही. आधी करकर सुरू होते, मग फटफटीसारखा फट्-फट् आवाज, कारण आतला रोध वाढलेला असतो. तिच्या दोन टोकांत २ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला तर काही आठवडे आणखी काढता येतात. पावसाळ्यात पुठ्ठ्याची पेटी दमट होते, सेलांमधून वीज झिरपते आणि न वापरताही बॅटरी उतरते. फरशीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा.

नवीन व्हॉल्व्ह लावला आणि क्षणात गेला. काय चुकलं?

नव्वद टक्के वेळा उंच दाबाची तार फिलामेंटच्या टर्मिनलला लागलेली असते. दोन व्होल्टच्या तारेत नव्वद व्होल्ट, म्हणजे एक लखलखाट आणि संपलं. उपाय जुनाच: उंच दाबाच्या ऋण तारेत बॅटरीचा छोटा बल्ब मालिकेत घाला, चूक झाली तर तो आधी जातो. जोडण्याचा क्रम: ग्रिड बॅटरी, मग अ‍ॅक्युम्युलेटर, उंच दाब सर्वांत शेवटी. सोडताना उलटा. ग्रिडची पिन चालू सेटमध्ये कधी काढायची नाही, कारण त्या क्षणी शेवटच्या व्हॉल्व्हमधून भरमसाट वीज जाते. हेडफोनच्या दोरीत ज्या तारेत लाल धागा असतो ती धन बाजूला. उलटी लावली तर प्लेटची वीज चुंबक हळूहळू मारते.

आज करून पाहायचं तर १टी४ हा छोटा व्हॉल्व्ह सोपा: फिलामेंट १.४ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर, म्हणजे एक मोठा सेल पुरे. प्लेटसाठी नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या मालिकेत, ४५ व्होल्ट. दहा लावल्या तर ९० होतात आणि आवाज वाढतो, पण ९० व्होल्टचा झटका खेळण्यातला नसतो. मुलांच्या हाताशी ४५ वरच थांबा.

सेट मध्येच किंचाळतो आणि म्हणे शेजाऱ्याचाही किंचाळतो?

हे ‘रिअ‍ॅक्शन’. व्हॉल्व्हमधून निघालेली थोडी शक्ती परत गुंडाळीत सोडली की आवाज कित्येक पटींनी वाढतो. जास्त सोडली की सेट स्वतःच छोटा प्रक्षेपक होतो आणि त्याची शीळ तुमच्याच एरियलमधून शेजारच्या गच्चीवर पोहोचते. एका चाळीत तीन एरियल असतील तर एकाचा उतावळा हात तिघांचं गाणं मोडतो. योग्य रीत: रिअ‍ॅक्शनची खुंटी सावकाश वाढवा. ‘शू’ असा मोकळ्या हवेसारखा आवाज आला की थांबा आणि केसभर मागे या. शीळ ऐकत केंद्र शोधायची सवय लागली असेल तर ती सोडा. तेव्हाही त्यावरून भांडणं होण्याजोगीच होती.

संध्याकाळीच का? आणि वेळ कुठली धरायची?

कामावरून माणसं घरी येत, हे एक. दुसरं वरच्या हवेतलं. सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो, तो दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. दिवेलागणीनंतर तो विरतो आणि त्याहून वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. म्हणून व्हॉल्व्हचा सेट असेल तर रात्री लांबचं ऐकू येऊ शकतं: कलकत्ता, किंवा १६ डिसेंबर १९२५ पासून चालू असलेलं कोलंबो. असा आवाज एकसारखा राहत नाही, मिनिटामिनिटाला बुडतो आणि वर येतो. सेटमध्ये बिघाड नाही, खुंट्या पिळू नका. हॉलंडचं पीसीजेजे केंद्र मार्च १९२७ पासून लघुलहरीवर होतं, पण त्याला लघुलहरीचा वेगळा सेट लागे.

घड्याळाची गंमत वेगळीच. मुंबई शहरात ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता आणि तो प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. जुलैच्या शेवटी मुंबईत सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमाराला मावळतो. त्या घड्याळात तेव्हा सात वाजायला वीसेक मिनिटं असायची. जुना छापील कार्यक्रम हाती आला तर वेळ कुठली छापलीय ते पाहिल्याशिवाय ‘अंधार पडल्यावर’ असं लिहू नका.

कोणत्या महिन्यात चांगलं ऐकू येतं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलअखेर ते जून सर्वांत वाईट, कारण वळिवाच्या विजा शेकडो किलोमीटरवरून कडकडतात आणि त्यावर कुठल्याच खुंटीचा इलाज नाही. आणि केंद्राचं उद्घाटन तर ऐन पावसाळ्यात झालं होतं. नव्या श्रोत्यांची पहिली ओळख खरखरीशी झाली असणार.

ऐकायला काय असायचं?

हिंदुस्थानी आणि युरोपीय असे वेगळे भाग, गाणं-बजावणं, बातम्या, भाषणं. बहुतेक सगळं त्या क्षणी स्टुडिओत घडत असलेलं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, त्यात ख्याल कोंबावा लागे. रेडिओवर गायकाला राग उलगडायला त्याहून जास्त वेळ मिळाला आणि ऐकणाऱ्याला तबकडी उलटायची नव्हती. कार्यक्रमपत्रिका म्हणून ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे पाक्षिक १५ जुलै १९२७ ला, केंद्राच्या आठवडाभर आधी निघालं. तेच पुढे डिसेंबर १९३५ मध्ये ‘द इंडियन लिसनर’ झालं.

प्रदर्शनात खरं केंद्र मिळालं नाही तर काय वाजवायचं?

मध्यम लहरीवरची केंद्रं आता कमी होत चालली आहेत, तेव्हा आधी जागेवर जाऊन ऐकून पाहा. स्वतःचा प्रक्षेपक परवान्याशिवाय चालवू नका, खोलीपुरता असला तरी. सोपा मार्ग: मोबाइल, छोटा अ‍ॅम्प्लिफायर, आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून त्यावर २००० ओहमचा हेडफोन. प्रेक्षकांना तसं सांगून करा. जुन्या हेडफोनचा पत्रा १००० हर्ट्झच्या आसपास जास्त थरथरतो, त्यामुळे तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीसा होतो आणि चाट तेवढी टोचते. आवाज मुद्दाम बिघडवण्याची गरज नाही, हेडफोनच ते काम करतो.

नेपथ्यात हमखास होणाऱ्या चुका?

गावांची नावं लिहिलेली उजळ काचेची पट्टी असलेला रेडिओ: तो १९३० नंतरच्या दशकातला. एरियल म्हणून छताखाली ताणलेली जाळीची पट्टी: त्याहूनही नंतरची. कर्णा सेटला चिकटलेला: तो वेगळा असे, दोरीने जोडलेला. टेबलाखाली अ‍ॅक्युम्युलेटर नाही: मग व्हॉल्व्ह पेटले कशावर?

कार्यक्रम संपल्यावर काय काय बंद करायचं?

आधी रिअ‍ॅक्शन मागे घ्या. उंच दाबाची तार काढा, मग फिलामेंटचा खटका. व्हॉल्व्ह निवल्याशिवाय सेट हलवू नका, गरम फिलामेंट धक्क्याने तुटतं. क्रिस्टल सेट असेल तर सुई खड्यावरून उचला आणि खड्यावर छोटी काचेची वाटी पालथी घाला. धूळ आणि सकाळचं केरसुणीचं वारं दोन्ही वाचतं. चांगली जागा उद्यासाठी तशीच राहील या आशेने सुई टेकलेली ठेवणारे असतात, पण रात्रीत कोणीतरी टेबलाला लागतंच. हेडफोन दोरी न दुमडता खुंटीला. आणि झोपण्याआधी खिडकीपाशी जाऊन एरियलचं पातं अर्थकडे टाका.